पंप बंद पडला

सूर नावाचं गाव आहे, ओमानच्या समुद्राकाठी.
नाव ऐकून बायकोला वाटलं होतं, तिथे गाणी असतील.
इथे आहे खारं पाणी गोडं करणारा कारखाना
आणि रात्रपाळीचं लॉगबुक,
निळ्या शाईत लिहायचं, इंग्रजीतच.

मार्चमधल्या एका पहाटे, चारला दहा कमी,
मी लिहिलं : पंप फोर ट्रिप्ड.
सही केली, सरोदे. डबा उचलला.
बसमध्ये डोळे मिटले.

सकाळपाळीच्या वर्गीसने वाचलं, पान उलटलं.
पडला होता, म्हणजे उठला असेल.
साडेनऊपर्यंत तिकडे कुणी फिरकलं नाही.
खालच्या वस्तीतल्या टाक्यांनी तळ दाखवला,
मशिदीत वजूच्या नळाला नुसती हवा आली.

शमसा अल-मामरी, शिफ्ट इंजिनियर,
माझ्या मुलीहून चार वर्षांनी मोठी,
ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.
वही पुढे सरकवून म्हणाली,
"ट्रिप्ड लिहिलंस तर गोष्ट संपली.
हॅज ट्रिप्ड लिहिलंस तर कुणीतरी धावत जाईल.
त्या एवढ्याशा हॅजमध्ये माणूस धावतो, सरोदे."

मग मला खाली नेलं, गळतीच्या जागी.
बुटाच्या टोकाने फरशी दाखवली :
"ओलं आहे का अजून? मग हॅज.
वाळून मीठ उरलंय? मग साधा भूतकाळ, आणि वेळ टाक.
वेळ आली की हॅज जातं."
दोघं एका ओळीत नांदत नाहीत,
हे माझं मी मनात मराठीत करून घेतलं.

तिला काय सांगणार,
की आमच्याकडे 'पंप बंद पडला' म्हटलं
की तो बंदच असतो, त्या घटकेला,
आणि अख्खी आळी पान्हा शोधायला लागते.
'भूक लागली' म्हणजे अजून वाढलेलं नाही.
'लाईट गेली' म्हणजे काडेपेटी कुठंय.
भुसावळला आठ दिवसांनी नळ खाकरायचा,
गल्लीत जी आधी उठे ती ओरडे, 'पाणी आलं!'
आणि ते येत असायचं,
हंड्यात वाजत असायचं,
त्याला भूतकाळ म्हणायची कुणाची छाती नव्हती.

तेव्हापासून मी फरशी बघून लिहितो.
व्हॉल्व्ह हॅज लीक्ड.
फिल्टर चोक्ड ॲट टू फिफ्टीन, क्लिअर्ड.
खोड अशी लागली की खोलीवर पडल्या पडल्या
बाकीच्या गोष्टींनाही बोट लावून बघतो.
तेरा वर्षं इथे आहे : हॅव. ओलं.
ओव्हरटाइमच्या पैशांतून स्लॅब टाकला :
सोळा साली, वैशाखात. कोरडं ठणठणीत.
अनघा सायकल शिकली :
कधी?
वेळ माहीत नसेल तर हॅज चालतं, शमसा म्हणाली होती.
चालतं तर चालतं.
भावाशी बोलणं सोडलं :
इथे बोट लावलं, लगेच काढलं.

काल रात्री घरचा फोन ठेवला तेव्हा
शमसा थर्मासमधून काहवा ओतत होती.
म्हणाली, "शेवटी रोज एकच शब्द असतो तुझा. काय तो?"
आलोच.
"म्हणजे?"
भूतकाळ आहे, म्हटलं. आय केम.
"पोचलास?"
नाही.
"मग निघालायस?"
तिकीटसुद्धा काढलेलं नाही.
तिने पेनाचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं.
"आणि हे ऐकून ती काय म्हणते?"
ती म्हणते, हो, आलास!

एवढ्याचं भाषांतर मी केलं नाही.
टॉर्च घेतला.
तीनचं रीडिंग घ्यायचं होतं.